अर्ध्या जीपचे एक्केचाळीस दात

पालेगावात जीपची वाटणी झाली तेव्हा अक्षदा आठ वर्षांची होती. मोठी माणसं हुशार असतात ही नुसती अफवा आहे, हे तिला त्याच दिवशी कळलं.

शेत वाटून झालं होतं. बिल्डरने त्या शेतावर तीन बिल्डिंगा उभ्या करून दोघा भावांना त्यातच फ्लॅट दिले होते, थोरल्या आण्णांना बी विंगला आणि धाकट्या सुदामला, म्हणजे अक्षदाच्या बाबांना, ए विंगला. उरली आजोबांची जीप. विकायला दोघांचा जीव होईना, आणि एकाने दुसऱ्याला द्यायची तर बातच सोडा. मग चार पंच बसले, दोनदा चहा झाला आणि निकाल लागला. ड्रायव्हरच्या सीटमागे पत्र्याची एक पट्टी आहे, तिच्या पुढचं सगळं आण्णांचं आणि मागचं सगळं सुदामचं.

हसू नका, गाडी अकरा वर्षं अशीच चालली. पुढचा टायर पंक्चर झाला की आण्णा खर्च करायचे, मागचा झाला की बाबा. इंजिन पुढे म्हणून आण्णा रडायचे. डिझेलची टाकी मागे म्हणून बाबा रडायचे. हॉर्न आण्णांचा. बाबांनी कधी दोनदा वाजवला तर बी विंगच्या खिडकीतून आवाज यायचा, "सुदाम, जरा जपून, झिजतो तो!" स्टेपनी मागे लटकलेली, म्हणजे बाबांची. आण्णा ती रीतसर मागून न्यायचे आणि पुसून परत आणून द्यायचे.

आता अक्षदा एकोणीसची. अकरावीत अकाउंटच्या सरांशी वाजलं आणि तिने कॉलेजला रामराम ठोकला. वाजलं म्हणजे काय, सरांनी फळ्यावर बेरीज चुकवली, हिने भर वर्गात सांगितलं, सर म्हणाले बाहेर हो, ही झाली. परत गेलीच नाही. तेव्हापासून जीपच काय ती तिची. ती धुवायची, चालवायची, तिच्याखाली झोपायची. आई, म्हणजे अंजना, म्हणायची, "इतकं प्रेम माणसावर केलं असतं तर एव्हाना लग्न झालं असतं."

पण जीप जुनी झाली होती. कॅम्प पाचच्या बाजारातला भंगारवाला येऊन तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून गेला. आईने अंबरनाथच्या कॉम्प्युटर क्लासचा फॉर्म आणून टीव्हीखाली ठेवला. बाबा म्हणाले, "रविवारपर्यंत ह्या गाडीला काहीतरी काम आण. नाहीतर सोमवारी गाडी भंगारात आणि तू क्लासात."

अक्षदाने काम आणलं. बदलापूरच्या पलीकडे टेकडीवर मैत्रेयी मॅडमचा तंबू लावून राहायचा कॅम्प होता. फाटकापासून वरपर्यंत त्यांचाच खाजगी रस्ता. रस्ता कसला, दगडांची जत्रा. त्यांच्या पिकअपचं पोट दर खेपेला दगडावर घासायचं. मॅडम फोनवर म्हणाल्या, "गाडी उंच पाहिजे. रविवारी येऊन चढून दाखव. चढलीस तर दर शनिवार-रविवार माझे पाहुणे तुझे."

उंच गाडी म्हणजे मोठे टायर. अक्षदाने दोन्ही विंगांमध्ये जिने झिजवले. शेवटी दोन टायर आण्णांनी घेतले, दोन बाबांनी, आणि देवाची कृपा म्हणून चारही एकाच मापाचे निघाले. गाडी अशी ताठ उभी राहिली की बिल्डिंगमधली पोरं फोटो काढायला आली.

त्यांच्या मागोमाग टेप घेऊन संतोष सेक्रेटरी आला. हा शहाडच्या कंपनीत सुपरवायझर. तिथे त्याचं कोणी ऐकत नसावं, कारण सगळं ऐकवायचं तो इथे येऊन ऐकवायचा. त्याने पिवळ्या पट्टीपासून टायरपर्यंत माप घेतलं, परत घेतलं, आणि संध्याकाळी बोर्डावर कागद लागला: 'पार्किंग क्रमांक ११ मधील वाहन दोन्ही बाजूंनी सव्वा इंच सोसायटीच्या सामाईक जागेत आले आहे. सात दिवसांत वाहन बारीक करावे.'

"गाडी बारीक कशी करू? डाएटवर ठेवू?" अक्षदाने त्याला लिफ्टमध्येच गाठलं.

"ते तुमचं तुम्ही बघा. आणि नोटीस दोन मालकांना वेगवेगळी लागेल. पुढच्या सव्वा इंचाची बी विंगला, मागच्या सव्वा इंचाची ए विंगला."

हा माणूस वाटणी मानायचा, हीच त्यातल्या त्यात मोठी गोष्ट.

खरा घोळ दुसऱ्या दिवशी झाला. अक्षदा जीप घेऊन निघाली आणि पुलाच्या चढावर गाडीने मान टाकली. तिसऱ्या गिअरमध्ये जाईना, दुसऱ्यात रडायला लागली, क्लचचा वास सुटला. मागून एक रिक्षावाला ओरडला, "ताई, धक्का देऊ की हार घालू?" अक्षदाने त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ती तशीच अंबरनाथ पूर्वेला समीरच्या गॅरेजवर गेली. समीर कमी बोलणारा मेकॅनिक. त्याने टायर बघितले, अक्षदाकडे बघितलं आणि विचारलं, "सायकलवर सगळ्यात जड गिअर टाकून चढ चढलीयेस कधी?"

"नाही. येडी आहे का मी?"

"मग गाडीला का चढवतेस?"

मग त्याने खडूने जमिनीवर काढून दाखवलं. दोन चाकांना जोडणाऱ्या धुरीच्या मध्ये एक गोळा असतो. त्यात छोटं चाक, पिनियन, आणि मोठं चाक, क्राउन. तुझ्या गाडीत पिनियनला आठ दात, क्राउनला एकोणचाळीस. म्हणजे पिनियन जवळपास पाच वेळा फिरतं तेव्हा टायर एकदा फिरतो. टायर मोठा झाला, की त्या एका फेऱ्यात गाडीला जास्त लांब ढकलायचं असतं. इंजिन तेवढंच. म्हणून पिनियनला अजून जास्त वेळा फिरू दे. आठ-त्रेचाळीसची जोडी टाक.

अक्षदा खडू घेऊन तिथेच उकिडवी बसली. त्रेचाळीस भागिले आठ. पाच पॉइंट सदतीस. दहावीला दोनदा गणितात उडालेली पोरगी एका दमात भागाकार करून मोकळी झाली, आणि तिला त्या अकाउंटच्या सरांचा नव्याने राग आला. हे असं सांगितलं असतं तर!

"आणि ऐक," समीर म्हणाला, "पुढे-मागे सेम पाहिजे. दोन्ही धुरींना आठ-त्रेचाळीस. विसरू नको."

ती विसरली नाही. विसरली असती तरी बरं झालं असतं, निदान भांडण टळलं असतं. ती थेट बी विंगला गेली. आण्णा जेवून उठले होते आणि दात कोरत होते.

"आण्णा, तुमच्या पुढच्या धुरीची क्राउन-पिनियन बदलायचीये. आठ-त्रेचाळीस."

"काय करायचं? पुढचं तर मस्त चालतंय. मना तर काय आवाज येत नाय."

"आवाजाचा संबंध नाही, आण्णा. रेशोचा आहे."

"मी ह्या गाडीवं तीस वर्षं भात वाहिलाय. मना रेशो शिकवतंस?"

इथे शांत राहायचं होतं. माणूस मोठा, वेळ दुपारची, पोट भरलेलं. पण अक्षदा आणि शांत! ती म्हणाली, "भात वाहिलात ना, मग भाताबद्दल बोला! गाडीतलं तुम्हाला घंटा कळत नाही!"

आण्णांच्या तोंडातली काडी खाली पडली. ते उठले, सदरा घातला आणि दारातून म्हणाले, "माझे अर्ध्याचं मी बघून घेईन. आजपासून माझे अर्ध्याला तू हात लावाचा नाय."

आणि त्यांनी खरंच बघून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते कॅम्प पाचला मुकेशभाईंच्या दुकानात गेले. मुकेशभाई जुन्या पार्टचे व्यापारी, माल दाखवताना असा प्रेमाने हात फिरवायचे की गिऱ्हाइकाला नाही म्हणायची लाज वाटावी.

"आठ-त्रेचालीस तो नहीं है, साईं," ते म्हणाले, "नौ-इकतालीस है. एकदम कडक."

"पण पोरीने आठ-त्रेचाळीस सांगितलंय."

"काका, हिसाब करो. बड़े में दो दाँत कम, छोटे में एक ज़्यादा. टोटल फ़र्क कितना? एक दाँत! एक दाँत गिरने से कोई आदमी बूढ़ा होता है क्या?"

आण्णांनी जिभेने स्वतःच्या दाढा चाचपल्या. तीन नव्हत्या, तरी ते काही बूढे नव्हते. हिशोब पटला. त्यांनी जोडी घेतली, मुकेशभाईंच्याच ओळखीच्या कारागिराकडून बसवून घेतली आणि जीप पार्किंगमध्ये आणून लावली. बाबांनी तोवर मागच्या धुरीत समीरकडून आठ-त्रेचाळीस बसवलेली होती.

"दादा, झालं तुमच्याकडचं?" बाबांनी जिन्यातून विचारलं.

"झालं. एकदम कडक."

अक्षदा शेजारीच उभी होती. किती दात, एवढंच विचारायचं होतं. चार अक्षरं. पण अबोला म्हणजे अबोला. तिने मान फिरवली आणि तिथेच सगळं फसलं.

फसलंय हे मात्र कोणालाच कळलं नाही, कारण साध्या रस्त्यावर जीपची फक्त मागचीच चाकं ओढतात. पुढची नुसती सोबत पळतात. पुढच्यांना जोर लावायचा तर वेगळा दांडा खेचावा लागतो, आणि गावात तो कोण खेचतो? शनिवारी अक्षदाने पुलाचा तोच चढ तिसऱ्या गिअरमध्ये गाणं म्हणत पार केला. संतोष सेक्रेटरीसुद्धा गॅलरीतून बघत होता. तो म्हणाला, "गाडी चांगली पळते. पण सव्वा इंच तो सव्वा इंचच."

रविवार उजाडला. अक्षदा किल्ली घेऊन खाली आली तर आण्णा इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या सीटवर बसलेले.

"तुम्ही कुठे?"

आण्णा तिच्याशी बोलत नव्हते. ते आरशाला म्हणाले, "माझा हिस्सा जिथं जाईल तिथं मी जाईन."

हे ऐकून बाबापण चपला घालून आले आणि मागे चढले. "मग मी पण. माझ्या हिश्श्याला काही झालं तर?"

बदलापूर सोडून फाटकाशी पोचले तर मैत्रेयी मॅडम उभ्याच होत्या. बूट, टोपी, हातात वही. त्या पुढच्या सीटकडे गेल्या. आण्णा जागचे हलले नाहीत.

"मॅडम, तुम्ही मागं बसा. पुढचं माझं हाय."

"म्हणजे?"

"गाडी अर्धी-अर्धी आहे," अक्षदा दात आवळून म्हणाली. "लांबलचक स्टोरी आहे. बसा तुम्ही."

मॅडम मागे बाबांसमोर बसल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. बाबा त्यांना म्हणाले, "आरामात बसा. इथे आपलं राज्य आहे."

सपाटीवर गाडी झकास गेली. मग चढण आली. नुसती बघूनच गुडघे दुखावेत अशी. अक्षदाने गाडी थांबवली, रुबाबात दांडा खेचून पुढच्या चाकांना जोर दिला आणि क्लच सोडला.

त्यानंतर जे झालं ते जीपच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. गाडीच्या पोटातून असा आवाज निघाला की जसं कोणी जात्यात खडी भरडतंय. पुढची चाकं पुढे पळायला बघत होती, मागची त्यांना धरून ठेवत होती. गाडी चार पावलं सरकली, एकदा बेडकासारखी उडाली, थांबली, परत उडाली. स्टिअरिंग हातात येईना. मॅडमची टोपी दरीत गेली. बाबा ओरडले, "दादा, तुमचा पुढचा बोंबलतोय!" आण्णा ओरडले, "तुझा मागचा अडवतोय माझे पुढच्याला!"

"गप्प बसा दोघं!" अक्षदाने ब्रेक दाबला, गाडी मागे सपाटीवर घेतली, चाकांना दगड लावले आणि खाली उतरून जमीन बघायला लागली. तिचे डोळे तिखट, रागात तर जास्तच. मागच्या टायरची नक्षी मातीत सुबक उमटलेली. पुढच्याने मात्र कुत्र्याने उकरावी तशी जमीन उकरलेली. म्हणजे पुढचं चाक जास्त फिरतंय.

ती आण्णांसमोर जाऊन उभी राहिली. पाच दिवसांनी पहिल्यांदा धड बोलली.

"आण्णा, दात किती?"

"माझे? एकोणतीस."

"तुमचे नाही! क्राउनचे!"

"हा, ते. नऊ-एक्केचाळीस. एक दाताचा तर फरक हाय."

अक्षदाने डोळे मिटले. मनातल्या मनात भागाकार केला. एक्केचाळीस भागिले नऊ. साडेचार. मागे पाच पॉइंट सदतीस, पुढे साडेचार. पुढचा टायर लवकर फिरणार, मागचा सावकाश; एकाच गाडीला दोन घाई. तिच्या तोंडाशी एक शिवी आली. ती बाहेर पडायच्या आत तिने मॅडमकडे बघितलं. मॅडम वही बंद करत होत्या.

"राहू दे, अक्षदा," मॅडम म्हणाल्या. "पिकअपच ठीक आहे माझी."

"दहा मिनिटं," अक्षदा म्हणाली. "मॅडम, फक्त दहा मिनिटं."

उपाय तिला कळला होता. इंजिनाकडून पुढच्या धुरीला जोर नेणारी एक लांब सळई असते, प्रॉपेलर शाफ्ट. ती काढून टाकली की पुढची चाकं मोकळी होतात आणि सगळा जोर मागच्या आठ-त्रेचाळीसला जातो. बोल्ट काढायचे, दहा मिनिटांचं काम. ती पाना घेऊन जीपखाली शिरली तर सीटवरूनच आण्णांचा पाय खाली आडवा आला.

"माझे हिश्श्याचा पार्ट हाय तो. बोललोय ना, हात लावाचा नाय."

"आण्णा, काम जाईल हातचं! उद्या गाडी भंगारात जाईल!"

"जाऊ दे. अर्धीच जाईल. माझी मी ठेवीन."

बाबा म्हणाले, "दादा, असं काय करता..." पण ते पट्टीच्या मागे होते. तिथून त्यांना बोलायचा अधिकार नव्हता.

अक्षदा जीपखाली उताणी पडून होती. वर काळं इंजिन, बाजूला आण्णांची पांढरी चप्पल. ओरडून उपयोग नव्हता, ओरडूनच तर हे झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने राग गिळला, आणि तो चवीला ग्रीससारखा लागला.

"आण्णा," ती खालूनच म्हणाली. "त्या दिवशी बोलले ते चुकलं माझं. तुम्हाला कळत नाही असं नाही. मी नीट सांगितलं नाही. जिन्यात दात विचारायचे होते, तेपण विचारले नाहीत. रागात होते."

चप्पल हलली नाही.

"तीस वर्षं तुम्ही ही गाडी चालवली म्हणून आज आहे. मला अजून तीस चालवायची आहे, आण्णा."

चप्पल थोडी बाजूला झाली. मग दुसरी झाली. आण्णा म्हणाले, "काढ. पण काढून इथं तिथं फेकायचा नाय. माझ्याकडं दे."

शाफ्ट निघाला. आण्णांनी तो मांडीवर घेतला, इस्त्रीच्या सदऱ्यावर, तेलासकट.

"आता मागे या," अक्षदा म्हणाली.

"आता काय?"

"सगळा जोर मागच्या चाकांवर आहे, मग वजन पण मागेच पाहिजे. नाहीतर ती जागेवर फिरतील. तुम्ही नव्वद किलो, आण्णा. तुमच्याशिवाय नाही जमायचं."

अकरा वर्षांत आण्णांनी ती पत्र्याची पट्टी ओलांडली नव्हती. ते उतरले, मागे आले आणि उभे राहिले. बाबा सरकले. रुमालाने सीट पुसली. "या, दादा. बसा." आण्णा शाफ्ट घेऊन असे अवघडून बसले, जसे बारशाला आलेत आणि बाळ त्यांच्याकडे देऊन बाई कुठेतरी गेली आहे.

अक्षदाने सगळ्यात हळू गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी हलली. उडाली नाही, ओरडली नाही. एक दगड, दुसरा दगड, तिसरा. म्हैस पाण्यातून बाहेर येते तशी, तिच्या मर्जीने, पण थांबायचं नाव नाही. अर्ध्यावर एका वळणावर मागचं चाक घसरलं, तशा मॅडम ओरडल्या, "काका, दाबा!" आणि दोघं भाऊ एकदम सीट घट्ट धरून खाली दबले. चाकाने पकडलं. वरचे तंबू दिसले तेव्हा अक्षदाने अशी आरोळी ठोकली की खालच्या गोठ्यातली कुत्री भुंकायला लागली.

"चढली! माझा मागचा चढला!" बाबा उडी मारून उतरले.

"माझा पुढचा बाजूला झाला म्हणून चढला," आण्णा म्हणाले. "बाजूला व्हायला पण मन लागतं, सुदाम."

मैत्रेयी मॅडम केस बांधत खाली उतरल्या. हसत होत्या. "शनिवारी सकाळी सात. बारा पाहुणे आहेत, दोन फेऱ्या कर. पुढचं काय ते नीट बसवून आण. काम तुझं."

"थँक्यू, मॅडम!"

"फक्त एक अट. हे दोन काका नकोत."

दोघं काका एकदम ताठ झाले. "पण गाडीचे मालक आम्ही आहोत!" दोघांच्या तोंडून एकाच वेळी, एकाच सुरात निघालं.

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

झालं! अपमान! आण्णांनी शाफ्ट खांद्यावर घेतला. बाबांनी त्याचं दुसरं टोक धरलं. "चल सुदाम. आम्ही चालत जातो." आणि दोघं भाऊ एकामागे एक, मागे वळून न बघता, चढण उतरायला लागले.

अक्षदाने जीप त्यांच्यामागे काढली. अशी चढण उतरायची तर ब्रेकवर भरवसा ठेवत नाहीत, सगळ्यात हळू गिअर टाकून गाडीला तिच्या तिच्या चालीने येऊ देतात. आणि आठ-त्रेचाळीसची ती चाल इतकी हळू होती, की पायी चाललेली साठीची दोन माणसं तिला सापडेनात. दहा पावलं पुढे ते, मागे गुरगुरत ही. ते थांबले की अंतर कमी व्हायचं, चालले की परत तेवढंच.

बऱ्याच वेळाने आण्णांनी हळूच मान तिरकी करून मागे बघितलं.

"सुदाम," ते खुशीत कुजबुजले, "पोर बघ. मागं मागं येते मनवायला. किती बोलली तरी आपल्याला सोडून नाय जायची."

"हो ना, दादा," बाबांनी शाफ्टचं टोक खांद्यावर सावरलं. "जरा भाव खाऊ. फाटकापर्यंत."

अक्षदाला सगळं ऐकू आलं. सांगावंसं वाटलं की गिअरच तसा आहे. पण तिने पाय ब्रेकवर नेऊन गाडी अजून थोडी हळू केली.